हार्थरडेलची तोंडतपासणी

कुंपणाची तार ओढायची पकड हेटीनं कोंबड्यांच्या खुराड्यात लपवली होती आणि जोस ती सकाळपासून शोधत होता. त्यानं गोठा पाहिला, ट्रॅक्टरची बैठक उचलून पाहिली, पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. डावा गाल कानापर्यंत सुजला होता. बाहेर पश्चिमेचा वारा होता आणि पाऊस आडवा पडत होता.

"पकड कुठं हाय?"

"कशाला हवी?" हेटी बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"कुंपण तुटलंय."

"कुठलं?"

"वरचं."

"वर कुंपण न्हाई, दगडी बांध हाय. त्यो पकडीनं कवापासनं दुरुस्त कराय लागलास?"

जोसनं सुजलेला गाल तळहातानं दाबून धरला. जबडा उघडत नसल्यानं त्याचे शब्द एका बाजूनं, दातांच्या फटीतून बाहेर यायचे. जास्त बोलणं त्याला परवडत नव्हतं.

"वसंतात दोन दात काढले की मी पकडीनं. काय झालं का?"

"दीड काढलास. अर्धा आत ऱ्हायलाय, त्योच आता बोंबलतोय. माज्या चांगल्या टॉवेलाचा पार खाटीकखाना केलास त्या दिवशी."

"मग करू काय? सांग की."

हेटीनं पुढचा बटाटा उचलला. आमच्या हार्थरडेल खोऱ्यात दाताचा डॉक्टरच नव्हता.

नॅट्रस भावंडं दोघंच. हेटी एकसष्टची, जोस तिच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघांची लग्नं झाली नाहीत. मेंढरांतून वेळ मिळाला नाही, असं हेटी सांगायची. जोस तालुक्याच्या डॉक्टरकडे तीनदा जाऊन आला होता. तिन्ही वेळा त्यानं गोळ्या दिल्या आणि दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. दाताच्या डॉक्टरकडल्या पोरीनं टेलिफोनवर सांगितलं की नॅट्रस हे नाव यादीतून काढलेलं आहे. दोन वर्षं बोलावूनही ते आले नाहीत. जोसनं सांगून पाहिलं की दोन्ही वेळची तारीख एप्रिलमधली होती, आणि एप्रिलमध्ये मेंढ्या वितात. पोरीनं विचारलं, मेंढ्यांना थोडं पुढं ढकलता आलं नसतं का? नवी नावं घेणं बंद होतं. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं तर सव्वीस महिने लागणार होते.

त्याच आठवड्यात त्यांच्या मेंढ्याचा पाय अडकून सोलपटला. जनावरांचा डॉक्टर पन्नास मिनिटांत हजर. पाय बांधून झाल्यावर त्यानं हात धुता धुता जोसच्या तोंडात नजर टाकली.

"मेंढा असतास तर आत्ता काढला असता," तो म्हणाला. "माणूस आहेस. हात लावला तर माझा परवाना जाईल."

जोसच्या दुखण्याची काळजी एकट्या हेटीला नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरावरची सगळी मेंढरं खाली आणावी लागतात. डोंगर सामाईक, त्यामुळे सगळ्यांनी एकाच दिवशी वर जायचं असतं. सगळ्यात लांबची, दलदलीकडची बाजू जोसची. तिथं त्याचा कुत्रा मॉस एकटा मैलभर धावत जाऊन कळप वळवतो, आणि मॉस फक्त जोसच्या शिट्टीवर चालतो. दातांवर जीभ दाबून मारलेली ती शिट्टी. गेले तीन आठवडे जोसच्या तोंडून नुसती हवा येत होती. त्यानं बाजारची प्लॅस्टिकची शिट्टी आणून फुंकली, तेव्हा मॉसनं त्याच्याकडे असं पाहिलं की जोसनं ती खिशात घातली आणि परत काढली नाही.

अशा वेळी बातमी आली की जिल्ह्याचं आरोग्य खातं दातांची पाहणी करणार आहे. आधी पाहणी, मग ज्या खोऱ्याची तोंडं सगळ्यात वाईट त्या खोऱ्यात डॉक्टर, खुर्ची, यंत्र असं सगळं घेऊन मोठी गाडी तीन दिवस येणार.

"आता सुटलास," हेटी म्हणाली. "आपल्याइतकी वाईट तोंडं कुणाची असणार?"

पाहणी लिलावाच्या बाजारात ठेवली होती. कारण सरळ होतं, शुक्रवारी सगळं खोरं तिथंच असतं. खात्याकडून मिस फॉस्टर नावाची तरुण मुलगी आली. स्वच्छ बूट, हातात फॉर्मचा गठ्ठा आणि प्लॅस्टिकचा एक भलामोठा जबडा. तो ती ब्रशानं घासून दाखवत होती. तिचं टेबल बाजारवाल्यांनी रिंगणाच्या तोंडाशीच मांडून दिलं होतं, मेंढरं जिथून आत येतात तिथं.

तिथंच घोटाळा झाला.

रिंगणाच्या तोंडाशी आमच्याकडे एक रीत आहे. मेंढीची किंमत तिच्या खालच्या आठ दातांवर ठरते. दात मोडलेली मेंढी, तिला आम्ही तोंड मोडलेली म्हणतो, डोंगरावरचं राठ गवत तोडू शकत नाही, थंडीत मरते. म्हणून तिचा भाव निम्मा. घेणाऱ्यानं ओठ वर करून स्वतः बघावं. विकणाऱ्यानं परक्या माणसासमोर एवढंच म्हणायचं, तोंड ठीक आहे. यात लबाडी आहे असं कुणी मानत नाही. आपल्या जनावराची खोड आपण चारचौघांत सांगायची नाही, हे पोरं चालायच्या आधी शिकतात.

मिस फॉस्टरनं पहिला प्रश्न अँब्रोज कोल्थार्डला विचारला. अँब्रोज लिलाव पुकारणारा. आवाज असा की खालच्या पुलावर ऐकू जावा.

"तुमचे स्वतःचे दात किती आहेत?"

"बत्तीस!" अँब्रोज म्हणाला. "एकूण एक!"

अँब्रोजच्या तोंडात वरची कवळी होती आणि खालचीही होती. एकविसाव्या वाढदिवसाला बापानं डॉक्टरला पैसे देऊन त्याचे सगळे दात काढवून दिले होते. त्या काळी तशी भेट देत असत, पुढची कटकट नको म्हणून. हे खोऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही.

"दुखणं? हिरड्यांतून रक्त?"

"छ्या!"

त्याच्यामागं आयझॅक पीअर्ट. तो पाव दुधात बुडवून खातो. म्हणाला, "ठीक हाय." त्याच्यामागच्या डॉर्कस रेननं ओठ न उघडता सांगितलं, "ठीक हाय." रांग भराभर सरकत होती. मिस फॉस्टर खूश होऊन लिहीत होती.

मग जोस आला. एक गाल टोमॅटोसारखा, डोळा अर्धा मिटलेला.

"अरे देवा, तुम्हाला काही होतंय का?" मिस फॉस्टरनं विचारलं.

जोसच्या मागं अकरा माणसं उभी होती. शेजारच्या खोऱ्यातलं एक गिऱ्हाईक कठड्याला टेकून ऐकत होतं.

"गांधीलमाशी," जोस एका बाजूनं म्हणाला. "तोंड ठीक हाय."

हेटी त्या वेळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मेंढ्यांची पारख करत होती. खोऱ्यात तिच्याइतकी तोंडाची पारख दुसऱ्या कुणाला नाही. तिला हे संध्याकाळी कळलं.

"काय सांगितलंस तिला?"

"गांधीलमाशी."

"पावसात? ह्या थंडीत?"

"त्यो शेजारच्या खोऱ्यातला माणूस ऐकत होता गं."

"त्यो तुला इकत घेणार होता का?" हेटीनं हातातलं भांडं आपटलं. "एवढा मोठा बाप्या, मेंढीला असती तेवढी बी अक्कल न्हाई. मेंढी निदान वरडती तरी!"

दहा दिवसांनी पत्र आलं. जिल्ह्यातल्या एकोणीस खोऱ्यांत हार्थरडेलची तोंडं सर्वांत निरोगी ठरली होती. गाडी अर्थातच दुसरीकडे जाणार होती. आम्हाला मानपत्र मिळणार होतं, आणि चांगली सवय टिकून राहावी म्हणून चारशे ब्रश. खोऱ्यात माणसं दोनशे बारा. ब्रश आले ते लहान मुलांचे निघाले, मुठीवर हत्ती काढलेले. अँब्रोजनं मानपत्रासाठी बाजाराच्या भिंतीवर खिळा आधीच ठोकून ठेवला.

मानपत्र द्यायला मिस फॉस्टर पुढच्या बुधवारी आली. लिलाव नव्हता, पण अँब्रोजनं हाकाटी केल्यामुळे चाळीसेक माणसं बाजारात जमली होती. चहा होता, आल्याचा केक होता. केक पुष्कळांनी चहात बुडवून मऊ करून घेतला. जोस कोपऱ्यात पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसला होता. त्याला दोन दिवस ताप होता, सूज आता गळ्याकडे उतरली होती. गिळताना तो डोळे मिटायचा.

अँब्रोज भाषणाला उभा राहिला. "आमच्या खोऱ्याचं पाणीच असं हाय की—"

"खाली बस," हेटी म्हणाली.

"आँ?"

"बस म्हणते ना. पोरी, तुज्या त्या गाडीचं काय झालं? गेली का?"

मिस फॉस्टर गोंधळली. "सोमवारी निघेल. क्लोव्हरबेक खोऱ्यात."

"तिथं तर दाताचा डॉक्टर हाय. थेटराच्या शेजारी बसतो."

"हो, पण त्यांनी फॉर्म फार... मनापासून भरले."

"आणि आमचे आकडे चुकीचे हायत असं मी म्हटलं तर?"

आयझॅकनं टोपी काढली आणि परत घातली.

"शुक्रवारपर्यंत दुरुस्ती करता येते," मिस फॉस्टर म्हणाली. "पण माणसांनी नुसतं सांगून चालणार नाही. आता प्रत्यक्ष तपासणी लागेल. आणि तीही नोंदणी असलेल्या तपासनीसाकडून. माझीच नाहीये नोंदणी. मी फक्त प्रचार करते."

"कसली नोंदणी?"

"संगणकात एक चौकोन आहे. त्यात सहा आकडी क्रमांक टाकावा लागतो."

हेटीनं कोटाच्या आतल्या खिशातून एक मळकं पिवळं कार्ड काढलं. उत्तर डोंगरी मेंढी पैदासकार संघ, मान्यताप्राप्त परीक्षक, आणि पुढं क्रमांक. मिस फॉस्टरनं तो दोनदा मोजला. सहा आकडे होते.

"मिस नॅट्रस, हे मेंढ्यांचं आहे."

"चौकोनात तसं इचारलंय का?"

मिस फॉस्टरनं संगणक उघडून पाहिलं. विचारलेलं नव्हतं. तिनं क्रमांक टाकला. संगणकानं हिरवी खूण दाखवली आणि आभार मानले. तिनं कोपऱ्यातल्या जोसकडे बघितलं, आणि गठ्ठ्यातला कोरा फॉर्म वर घेतला.

"चला," हेटीनं बाह्या वर केल्या. "कठड्याला पाठ लावून उभं ऱ्हा सगळ्यांनी. टोप्या काढा."

कुणी हललं नाही.

"आम्ही काय मेंढरं हाय व्हय?" आयझॅक पुटपुटला.

"मेंढरं असता तर बरं झालं असतं. पन्नास मिनिटांत डॉक्टर आला असता. आयझॅक, एकोणतीस तारखेला डोंगरावर जायचंय. दलदलीकडची बाजू कोण आणणार?"

"जोस."

"जोसला शिट्टी मारता येती का आज? मॉस तुजं ऐकतो का? डॉर्कस, तुजं ऐकतो? तुजी साठ मेंढरं त्या बाजूला हायत. जा वर आणि हाका मार त्यांना नावानं."

डॉर्कस रेननं हातातला कप खाली ठेवला.

"आणि डोंगर ऱ्हाऊ दे." हेटीचा आवाज खाली आला. "त्याच्या गळ्याला हात लावून बघा कुणीतरी. किती तापलाय. पुढच्या आठवड्यात मी कुणाचं भाषण ऐकाय येईन, चर्चमधलं, मयताचं?"

एवढं झाल्यावर जोस स्वतः उठला आणि कठड्याला पाठ लावून उभा राहिला. हेटीनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली, उजव्या अंगठ्यानं ओठ वर केला. मेंढीला करतात तसंच, तितक्याच झटपट.

"लिही पोरी. वरचे नऊ. खालचे सात. डावीकडं मागं एक तुटका, त्याखाली पू. ठीक न्हाई. पुढं."

मग आयझॅक आला. "वरचे चार, खालचे दोन, दोन्ही हलत्यात. आयझॅक, पाव तरी कशानं खातोस?"

"दुधानं."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच सरकू लागले. डॉर्कसनं तोंड उघडलं तेव्हा तिच्या नवऱ्यानंही पहिल्यांदाच आत पाहिलं असावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. हेटी पुकारत गेली आणि मिस फॉस्टर लिहीत गेली. अर्ध्या तासात एकोणचाळीस माणसं झाली. चाळिसावा अँब्रोज होता.

"माजं लिहिलंय आधी," तो म्हणाला.

"काढ," हेटी म्हणाली.

"काय काढू?"

"बत्तीस."

अँब्रोजनं मानपत्राकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून त्यानं वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही टोपीत ठेवल्या आणि आमच्याकडे तोंड केलं. चाळीस वर्षं आम्ही त्याचा आवाज ऐकत आलो होतो. त्याचा चेहरा एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं. हिरड्यांवर जुन्या कवळीनं पाडलेले दोन लाल व्रण होते.

"शून्य," हेटी हळू म्हणाली, पुकारलं नाही. "खाली दोन जखमा. किती दिवस?"

"दोन वर्षं," अँब्रोज म्हणाला. कवळीशिवाय तो शब्द नीट उमटला नाही, पण मिस फॉस्टरनं लिहिला.

त्याच संध्याकाळी ती जोसला आपल्या मोटारीतून जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथं त्यांनी सुईतून औषध दिलं, ताप उतरवला, दोन रात्री ठेवून घेतलं. दात काढला नाही. दात काढणं इस्पितळाच्या त्या विभागाकडे नव्हतं, आणि ज्या विभागाकडे होतं तो गुरुवारी बंद असतो.

सोमवारी गाडी आली. क्लोव्हरबेककडे नाही, आमच्याकडे. जिल्ह्यात हार्थरडेल आता तळाला होतं. एकाच आठवड्यात पहिल्या क्रमांकावरून शेवटच्यावर कसं आलं, हे विचारायला खात्यानं एक समिती नेमली आहे असं कळलं. बाजाराच्या फाटकाच्या आत गाडी लागली. डॉक्टर म्हणजे योआना नावाची एक रुमानियन बाई, ठेंगणी, मनगटं जाड. तिचे वडील कार्पेथियन डोंगरात मेंढ्या राखायचे, म्हणून तिला रबरी बुटांचा वास चालत होता.

जोस पहिला आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तो तोंडात कापूस आणि हातात तुकडा घेऊन.

"मागून घेतलास?" हेटीनं विचारलं.

त्यानं मान हलवली आणि तुकडा दगडी बांधापलीकडे भिरकावला.

तीन दिवसांत योआनानं चौऱ्याहत्तर दात काढले, एकोणीस भरले, अँब्रोजच्या कवळीचं माप घेतलं. बुधवारी चार वाजता तिनं हातमोजे काढले. मिस फॉस्टर यादीवर खुणा करून फाटकाशी उभी होती. जोसची सूज उतरली होती. तो मोकळ्या तोंडानं बोलत होता आणि इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं बोलत होता. बोलता बोलता त्यानं यादी वरून खाली वाचली.

"हेटीचं नाव कुठं हाय?"

"त्या तपासनीस होत्या ना," मिस फॉस्टर म्हणाली. "तपासनीसाला रुग्ण होता येत नाही. नियम आहे. मी विचारलं होतं वर. आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की गरज नाही."

हेटी चहाचे कप गोळा करत होती. "माजं ठीक हाय," ती पाठमोरीच म्हणाली.

जोस तिच्याजवळ गेला, तिच्या हातातले कप काढून कठड्यावर ठेवले, डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्या अंगठ्यानं ओठ वर केला. हेटीनं त्याच्या मनगटावर फटका मारला. त्यानं सोडलं नाही. आत पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि आपल्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

ट्रॅक्टर त्यानं फाटकात आडवा लावला आणि किल्ली खिशात घातली.

"मिस्टर नॅट्रस, आम्हाला सहा वाजता शहरात पोचायचंय," मिस फॉस्टर म्हणाली.

"पोचा की."

"ट्रॅक्टर काढा मग."

"हेटी गाडीत जाऊन बाहेर आली की काढतो."

"पण नियम—"

"नियमाला सांग, ट्रॅक्टर बंद पडलाय."

योआना गाडीच्या पायरीवर उभी राहून हे ऐकत होती. तिनं नवे हातमोजे चढवले आणि हेटीकडे बघून आतल्या खुर्चीकडे बोट केलं.

"डॉक्टर, ह्यांची नोंद मला कुठं करता येणार नाही," मिस फॉस्टर म्हणाली.

"मग करू नका."

हेटी चढत नव्हती. फाटकाजवळ खोऱ्यातली पंधरा-वीस माणसं उभी होती. शिवाय ब्रशांची उरलेली खोकी परत न्यायला आलेला एक परका ड्रायव्हरही तिथंच होता. तिनं त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग कोट काढून आयझॅकच्या हातात दिला आणि पायऱ्या चढली. दार उघडंच राहिलं.

"कसं आहे तोंड?" योआनानं विचारलं. ती सगळ्यांना हेच विचारायची.

आत खुर्ची मागं झुकल्याचा आवाज आला.

"मोडलंय," हेटी म्हणाली. आवाज लिलावात पुकारतात तेवढा मोठा नव्हता, पण फाटकापर्यंत आला. "उजवीकडं खाली दोन तुटलेत. वरचा एक हलतोय, त्याला हात लावू देत न्हाई मी कुणाला. दीड वर्ष झालं. रात्री त्या कुशीवर झोपता येत न्हाई."

मिस फॉस्टरनं यादीची पाटी काखेत मारली आणि पावसाकडे तोंड करून उभी राहिली. परक्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"उघडा," योआना म्हणाली. "आणखी मोठं."